मुंबईच्या आत्याचे पाचशे पौंड

बाईला कथा-कादंबरी लिहायची असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, हे व्हर्जिनिया वुल्फचं म्हणणं आता इतकं पाठ झालं आहे, की ते पाचशे पौंड आले कुठून हे विचारायचं राहूनच जातं. उत्तर १९२९च्या ‘अ रूम ऑफ वन्स ओन’मध्येच आहे. निवेदिकेची एक आत्या हवा खायला घोड्यावरून निघाली, पडली आणि गेली; जाताना भाचीसाठी दरसाल पाचशे पौंडांची तहहयात तजवीज करून गेली. ही आत्या पडली ती आपल्या मुंबईत.

आत्या काल्पनिक, हे उघड आहे. वुल्फची खरी आत्या कॅरोलाइन एमेलिया स्टीफन १९०९ साली इंग्लंडातच वारली आणि तिनं व्हर्जिनियाला अडीच हजार पौंड ठेवले. मग कल्पनेतला पैसा मुंबईहून का यावा? मला वाटतं, त्या घरात हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की त्यासाठी वेगळा विचार करावाच लागला नसेल. वुल्फची आई ज्यूलिया १८४६मध्ये कलकत्त्यात जन्मलेली, नवरा लेनर्ड सात वर्षं सिलोनमध्ये सरकारी नोकरी करून आलेला. पुढच्या कलावंतांनी वुल्फकडून काय घेतलं याचा हिशेब मांडताना ही आत्या मला सारखी आडवी येते. कारण वुल्फचे खरे वारस बहुतेक वेळा भांडखोर निघाले. नुसत्या भक्तांच्या हाती फारसं काही लागलं नाही.

भक्तांचं आधी उरकून टाकू. २८ मार्च १९४१ रोजी वुल्फ कोटाच्या खिशात दगड घालून ससेक्समधल्या ऊझ नदीत उतरली. तो कोट आणि ते दगड तेव्हापासून अनेकांनी उसने घेतले आहेत. ‘फ्लॉरेन्स अँड द मशीन’च्या २०११च्या एका गाण्यातही ते दगड आहेत. स्टीफन डॉल्ड्रीचा ‘द अवर्स’ (२००२) त्या नदीपासूनच सुरू होतो. निकोल किडमननं खोटं नाक लावून वुल्फ उभी केली आणि ऑस्कर मिळवलं. चित्रपट संपल्यावर लक्षात राहतं ते नाक, ती नदी आणि फिलिप ग्लासचं संगीत. एवढी विनोदी, चहाटळ बाई गेली कुठे, असा प्रश्न पडतो. ज्या कादंबरीवरून तो निघाला ती मायकल कनिंगहॅमची १९९८ची कादंबरी मात्र जास्त शहाणी आहे. तिचं नावच ‘मिसेस डॅलोवे’च्या खर्ड्याचं मूळ नाव होतं. एका बाईचा एक दिवस, आणि त्यात मावलेलं सगळं आयुष्य, ही वुल्फची घडण कनिंगहॅमनं उचलली आणि तीन काळांतल्या तीन बायकांवर चालवून पाहिली. केव्हिन पुट्सनं २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरासाठी त्याचा ऑपेरा केला, तेव्हा एक सोय आपोआप झाली. पानावर ज्या तीन बायका एकामागून एक येतात, त्या रंगमंचावर एकाच वेळी गाऊ शकल्या.

तर मुद्दा घडणीचा. वुल्फला ती हातानं कळत होती. १९१७मध्ये तिनं आणि लेनर्डनं एक छोटं हातछपाईचं यंत्र विकत घेऊन रिचमंडच्या घरात जेवणाच्या खोलीत मांडलं आणि हॉगर्थ प्रेस सुरू केला. लेनर्डचा हात थरथरायचा, म्हणून खिळे जुळवायचं काम व्हर्जिनियाकडे. पहिल्या पुस्तिकेत दोघांची एकेक कथा आणि डोरा कॅरिंग्टनची लाकडी ठशांवरची चित्रं होती; प्रती दीडशेच्या आसपास. १९२३मध्ये एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ची इंग्लंडमधली पहिली पुस्तकरूप आवृत्ती निघाली, तिचेही खिळे हिनंच जुळवले. ओळीतली मोकळी जागा म्हणजे शिशाचा एक कोरा तुकडा, तोही हातानं बसवावा लागतो, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) लिहिण्याआधी तिनं वहीत कादंबरीची आकृती काढली. दोन ठोकळे आणि त्यांना जोडणारा एक बोळ, इंग्रजी एच अक्षरासारखा. पुस्तक तसंच झालं आहे. दोन टोकांना दोन दिवस, आणि मधल्या बोळात दहा वर्षं आणि एक महायुद्ध. त्या बोळात घर ओस पडतं, शाली लोंबत राहतात, आणि जिच्याभोवती पहिला भाग फिरला त्या मिसेस रॅम्झेचं मरण एका चौकटी कंसात, जाता जाता, उरकलेलं असतं. चित्रकार, नर्तक, संगीतकार या बाईकडे पुनःपुन्हा का वळतात, याचं कारण मला त्या आकृतीत दिसतं. गोष्ट उचलायची तर भाषा आडवी येते; आराखडा कुठल्याही माध्यमात उभा करता येतो.

कोलंबियातला एक तरुण पत्रकार पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला बारांकिया शहरात सदर लिहीत होता. सही करायचा ‘सेप्टिमस’. हे नाव ‘मिसेस डॅलोवे’तल्या युद्धानं खचलेल्या सैनिकाचं. त्या कादंबरीतल्या एका वाक्यानं, बंद मोटारीतून जाणाऱ्या बड्या व्यक्तीवरून पार भविष्यातल्या अवशेषांपर्यंत उडी घेणाऱ्या वाक्यानं, आपली काळाची जाणीव बदलली असं या पत्रकारानं, म्हणजे गार्सिया मार्केसनं, पुढे सांगितलं. त्याच्या कादंबरीतल्या माकोंदो गावाच्या शंभर वर्षांना लंडनच्या बाँड स्ट्रीटवरूनही एक वाट जाते म्हणायची. टोनी मॉरिसननं १९५५मध्ये कॉर्नेल विद्यापीठात एम.ए.चा प्रबंध लिहिला, तो वुल्फ आणि फॉकनरवर.

नृत्यातलं उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. मे २०१५मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेनं वेन मॅकग्रेगरचं ‘वुल्फ वर्क्स’ आणलं, संगीत मॅक्स रिख्टरचं. पडदा उघडताना ऐकू येतो तो खुद्द वुल्फचा आवाज. २९ एप्रिल १९३७ला बीबीसीवर तिनं शब्दांविषयी भाषण केलं होतं. तिच्या आवाजाचं तेवढंच ध्वनिमुद्रण आज उरलं आहे. आवाज जुन्या खानदानी वळणाचा, किंचित नाकातला. मग पुढे येते आलेस्सांद्रा फेर्री. तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. बॅलेत चाळिशी म्हणजे निवृत्ती. तीही एकदा निवृत्त होऊन परतलेली. पहिला अंक ‘मिसेस डॅलोवे’वर. प्रचंड लाकडी चौकटी सावकाश फिरतात, त्यांतून तरुणपणची मिसेस डॅलोवे, क्लॅरिसा, येते, मैत्रिणीबरोबर बागडते, आणि फेर्री बाजूला उभी राहून स्वतःचंच तारुण्य पाहते. कादंबरीत हे सगळं एका बाईच्या डोक्यात चालतं, पानावर त्याला लांबच लांब वाक्यं लागतात. इथे पन्नाशी उलटलेलं शरीर विशीतल्या शरीराशेजारी उभं केलं की काम झालं. दुसरा अंक ‘ऑरलँडो’वरचा. रिख्टरनं त्यासाठी ‘ला फोलिया’ ही जुनी धून घेतली, जिच्यावर युरोपातले संगीतकार शतकानुशतकं आपापली वळणं रचत आले. तीन शतकं जगणाऱ्या नायकाला याहून नेमकं संगीत सुचणं अवघड. तिसऱ्या अंकाची सुरुवात मात्र वुल्फच्या शेवटच्या पत्रानं होते, जिलियन अँडरसनच्या आवाजात. अंक ‘द वेव्हज’चा आहे, मागे पडदाभर संथ समुद्र आहे, समूहनृत्य लाटांसारखंच उसळतं. एवढं सगळं असताना ते पत्र कशाला, असं मला वाटत राहतं. पुन्हा तो कोट आणि ते दगड.

ताटल्यांची गोष्टही सांगायलाच हवी. १९३२मध्ये कलासमीक्षक केनेथ क्लार्कनं वुल्फची बहीण व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट यांना जेवणाच्या ताटल्या रंगवायला दिल्या. या दोघांनी पन्नास ताटल्यांवर इतिहासातल्या नामवंत बायकांचे चेहरे काढले. त्यांत व्हर्जिनियाही आली आणि व्हनेसा स्वतःही. पुरुष एकच, ग्रँट. या ताटल्या पुढे खाजगी संग्रहात गेल्या आणि अनेक दशकं लोकांच्या नजरेआड राहिल्या. १९७९मध्ये जूडी शिकागोचं ‘द डिनर पार्टी’ सॅन फ्रान्सिस्कोत मांडलं गेलं. त्रिकोणी टेबल, एकोणचाळीस बायकांची एकोणचाळीस पानं, शेवटून दुसरं वुल्फचं. तिची ताटली उमलत्या पाकळ्यांची, आत दाणे भरलेले. बेलबाईंनी बहिणीचा चेहरा काढला होता. शिकागोनं चेहरा टाळून स्त्रीदेहाची आठवण देणारं फूल केलं. बायकांना एका टेबलाशी बसवायची ही युक्ती वुल्फच्या घरातच आधी सुचून गेली होती.

आता भांडणं. ॲलिस वॉकरनं १९७४च्या ‘इन सर्च ऑफ अवर मदर्स गार्डन्स’ या निबंधात वुल्फची खोली आणि तिचे पैसे घेऊन सरळ फिलिस व्हीटलीसमोर ठेवले. अठराव्या शतकातली ही कवयित्री गुलाम होती. जिची स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती, तिला खोलीचं काय सांगता? वॉकरनं वुल्फला मोडीत काढलं नाही. तिच्या वाक्यांच्या मध्येमध्ये कंसात आपले शब्द घालून तिला पुढे ढकललं. कृष्णवर्णीय ब्रिटिश कलावंत केब विल्सननं तर ‘अ रूम ऑफ वन्स ओन’चे सगळे शब्द सुटे केले आणि तेवढेच शब्द वापरून नवी कथा जुळवली. तिच्यात आजच्या केंब्रिजमधली एक मिश्रवंशीय तरुणी आहे. मूळ पुस्तकात निवेदिकेला विद्यापीठाच्या हिरवळीवरून हाकलतात. त्या हिरवळीवर पाय ठेवायची वेळ आणखी कुणाकुणावर आली नाही, हे विल्सननं वुल्फच्याच खिळ्यांतून जुळवलं.

हा राग अनाठायी नव्हता. फेब्रुवारी १९१०मध्ये व्हर्जिनिया आणि तिच्या मित्रांनी तोंडाला काळं फासून, दाढ्या लावून, ॲबिसिनियाचे राजपुत्र असल्याची बतावणी करत ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका बघून घेतली होती. आरमाराची फजिती झाली म्हणून ती मंडळी वर्षानुवर्षं हसली. चेहरे काळे का करावे लागले, यावर कुणी फारसं बोललं नाही. हॉगर्थ प्रेसमध्ये प्रुफं तपासलेल्या मुल्कराज आनंदांनी १९८१मध्ये ‘कॉन्व्हर्सेशन्स इन ब्लूम्सबरी’ लिहिलं, त्यात वुल्फच्या ब्लूम्सबरी मंडळातली विद्वत्ता आहे आणि साम्राज्याचा विषय निघाला की होणारी त्यांची अडचणही आहे. याच आनंदांनी त्याआधी १९४६मध्ये मुंबईत ‘मार्ग’ हे कलाविषयक नियतकालिक काढलं होतं.

सगळ्यात जास्त वारस मिळाले ते ‘ऑरलँडो’ला (१९२८). वुल्फनं ते थट्टेत लिहायला घेतलं होतं. मैत्रीण व्हीटा सॅकव्हिल-वेस्ट बाई म्हणून जन्मली, त्यामुळे नोल हा पिढीजात वाडा तिला मिळेना. वुल्फनं कागदावर तिला तीनशे वर्षं आणि दोन लिंगं देऊन टाकली. वर खोट्या चरित्राला खरे फोटो जोडले, त्यांतले काही व्हीटाचेच. सॅली पॉटरनं १९९२मध्ये चित्रपट केला तेव्हा टिल्डा स्विंटनला थेट कॅमेऱ्यात बघायला लावलं; चरित्रकाराचा प्रेक्षकाला मारलेला डोळा पडद्यावर असा आला. पॉटरनं शेवट बदलला. पुस्तकात ऑरलँडोला मुलगा होतो आणि वाडा राहतो. चित्रपटात मुलगी होते आणि वाडा जातो. हा बदल मला मुळापेक्षा पटतो. डिसेंबर २०१९मध्ये ओल्गा नॉयवर्टचा ‘ऑरलँडो’ व्हिएन्ना स्टेट ऑपेरात आला. दीडशे वर्षांच्या त्या संस्थेनं स्त्री संगीतकाराकडून करवून घेतलेला हा पहिला पूर्ण लांबीचा ऑपेरा, आणि वेशभूषा जपानच्या रेई कावाकुबोची.

पॉल बी. प्रेसियाडोनं २०२३च्या आपल्या चित्रपटात तर वुल्फला पत्रच लिहिलं आहे. त्यात ऑरलँडो एक नाही. आठ वर्षांच्या मुलापासून सत्तरीतल्या माणसापर्यंत सव्वीस ट्रान्स आणि नॉन-बायनरी व्यक्ती गळ्यात झालर बांधून आपापलं नाव सांगतात आणि ‘या चित्रपटात मी ऑरलँडो’ म्हणतात. प्रेसियाडोची तक्रार साधी आहे. तुझा ऑरलँडो काही दिवस गाढ झोपतो आणि उठतो तेव्हा बाई झालेला असतो. आम्हाला डॉक्टर लागतो, औषधाची चिठ्ठी लागते, ओळखपत्र लागतं. वुल्फ या बाबतीत अगदीच बेसावध होती असं नाही. तिच्या पुस्तकात ऑरलँडो परत येते तेव्हा तिच्यावर दावे गुदरलेले असतात, ती मेली आहे की जिवंत, बाई आहे की पुरुष, यावर इस्टेट कुणाची ते ठरायचं असतं, आणि निकाल लागायला शंभरेक वर्षं जातात. प्रेसियाडोनं नेमकं ते कोर्ट उचललं. शेवटी कादंबरीकार व्हर्जिनी देस्पांत न्यायाधीश होऊन बसते, एकेका ऑरलँडोला नावानं पुढे बोलावते आणि हातात नवा पासपोर्ट देते.