पहिल्या पीआरला उत्तर कोण देतं?

मुक्त सॉफ्टवेअरची ओळख : लेखांक ८

मागच्या लेखांकात आपण परवाने पाहिले. जीपीएल असो वा एमआयटी, दोन्ही परवाने कोड वाचायची, बदलायची आणि पुढे द्यायची मुभा देतात. दिव्याहून रोज स्लो गाडीने विद्याविहारला कॉलेजला जाणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीलाही ती मुभा आहे. तिच्या कॉलेजच्या स्टेशनालगतच फ्रॅपे या कंपनीचं ऑफिस आहे. तिथे तयार होणाऱ्या ईआरपीनेक्स्ट या सॉफ्टवेअरचा सगळा कोड जीपीएलखाली खुला आहे. तरीही ती पहिलं काम देईल का, आणि मुख्य म्हणजे दुसरं काम घेऊन परत येईल का, हे परवाना ठरवत नाही. ते प्रकल्पातली माणसं ठरवतात. कशी, ते या लेखांकात पाहू.

आधी कामाची रीत समजून घेऊ. प्रकल्पात काय बिघडलंय, काय हवंय, याची नोंद म्हणजे इश्यू. नवखा त्यातला एक इश्यू उचलतो, कोडची स्वतःची प्रत काढून घेतो, तिच्यात बदल करतो आणि ‘हा बदल मूळ कोडात घ्या’ अशी विनंती पाठवतो. ती पुल रिक्वेस्ट. बोलताना सगळे पीआरच म्हणतात. प्रकल्प सांभाळणारा, म्हणजे मेंटेनर, तो पीआर तपासतो, शंका विचारतो, दुरुस्त्या सांगतो आणि पटलं तर मर्ज करतो, म्हणजे मूळ कोडात घेतो. नवखे बहुतेक वेळा कोड लिहिताना अडत नाहीत. पीआर टाकल्यावर जो शुकशुकाट होतो, त्याला ते कंटाळतात.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने याचा हिशेब मांडून पाहिला होता. ज्यांच्या पहिल्या कामाची तपासणी ४८ तासांच्या आत झाली, त्यांचं परत येण्याचं प्रमाण फारच चांगलं होतं. ज्यांना ७ दिवसांहून जास्त थांबावं लागलं, ते जवळजवळ कुणीच परतले नाहीत. दोन्ही गटांतल्या माणसांच्या हुशारीत काही फरक असेल असं मानायला जागा नाही. एका गटाला वेळेवर उत्तर मिळालं, दुसऱ्याला मिळालं नाही.

उत्तर वेळेवर मिळणं जितकं महत्त्वाचं, तितकाच त्याचा सूरही. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७च्या सुमारास सर्वांत जास्त होती; नंतर ती उतरत गेली. अ‍ॅरन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचं एक मोठं कारण दिलं: चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांचे बदल उलटवले जाण्याचं प्रमाण वाढलं होतं, आणि हे काम बऱ्याचदा स्वयंचलित अवजारं करत होती. खोडसाळपणा रोखायला बसवलेल्या व्यवस्थेने शिकाऊ माणसालाही त्याच रांगेत उभं केलं. तिकडे लिनक्स कर्नलच्या मेलांमधली शिवीगाळ तर अनेक वर्षं दंतकथेसारखी सांगितली जायची. सप्टेंबर २०१८मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि त्याच सुमारास कर्नलने नवी आचारसंहिता स्वीकारली. ‘कोड चांगला असला की झालं, बोलणं कसंही चालेल’ हा समज इतक्या मोठ्या प्रकल्पालाही शेवटी सोडावा लागला.

मग नवख्यासाठी काय तयार ठेवायचं? याचं चांगलं उदाहरण दिव्याहून फार लांब नाही. कांजूरमार्गला उतरून पवईला जायचं. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या निधीवर ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला. मॅटलॅब या आकडेमोडीच्या महागड्या सॉफ्टवेअरऐवजी सायलॅब, पायथन अशी मुक्त साधनं कॉलेजांनी वापरावीत, हा त्याचा हेतू. पण नव्या साधनासाठी तयार उदाहरणं हवीत, ती लिहिणार कोण? फॉसीने ते काम विद्यार्थ्यांकडेच दिलं. अभ्यासक्रमातलं एखादं प्रमाणित पुस्तक निवडायचं आणि त्यातल्या सोडवलेल्या उदाहरणांचा कोड लिहायचा. तपासणीत उतरला की तो सगळ्यांसाठी खुला होतो, लिहिणाऱ्याचं नाव त्यावर राहतं, प्रमाणपत्र आणि मानधन मिळतं. याला म्हणतात टेक्स्टबुक कम्पॅनियन.

ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. कामाला सुरुवात आणि शेवट आहे. ‘प्रकल्पाला मदत करा’ असं मोघम आवाहन नाही. उदाहरणाचं उत्तर पुस्तकात छापलेलं असल्यामुळे आपला कोड बरोबर आहे की नाही, हे विद्यार्थ्याला कुणाला न विचारता कळतं. अख्खा सायलॅब आतून समजून घेण्याची गरज नाही, स्वतःच्या विषयाचं पुस्तक कळलं की पुरे. आणि तपासणारा माणूस आधीच नेमलेला आहे.

आयआयटी मुंबईतच सुरू झालेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा उपक्रम आणखी एक पाऊल पुढे जातो. साधारण १० मिनिटांची ही दृक्‌श्राव्य प्रकरणं सॉफ्टवेअर शिकवतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचं डबिंग होतं. संहिता लिहून झाली की ती विषयातल्या जाणकाराकडे जातेच; पण ज्याला ते सॉफ्टवेअर मुळीच येत नाही अशा माणसाकडेही जाते. तो एकेक पायरी करून पाहतो आणि जिथे अडतो तिथे खूण करतो. इथे नवख्याचं न येणं हीच त्याची कामाची पात्रता आहे. ही सोय कुठल्याही प्रकल्पाला फुकटात करता येईल. ‘आमचं सॉफ्टवेअर बसवताना तुम्ही कुठे अडलात ते लिहा’ हे नव्या माणसाला सांगायचं पहिलं काम ठेवा. जुन्या माणसांना ती अडचण आता दिसतही नाही.

आता प्रोत्साहनाचा प्रश्न. बक्षीस ठेवलं की लोक येतात, यात शंका नाही. कशासाठी येतात, ते बक्षीस कशावर दिलं जातं त्यावर ठरतं. डिजिटलओशन कंपनी २०१४पासून हॅक्टोबरफेस्ट भरवते. २०२०मध्ये नियम असा होता, की ऑक्टोबरात चार पीआर टाका आणि टी-शर्ट मिळवा. जगभरच्या मेंटेनरांकडे फालतू पीआरचा पूर आला. कुणी प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या रीडमी फाइलमध्ये एखादा स्तुतिपर शब्द घातला, कुणी नुसती रिकामी जागा. त्यात आपल्या देशातले विद्यार्थीही पुष्कळ होते. काही दिवसांतच आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पाची स्वतःची तयारी असेल त्याचेच पीआर धरावे लागले. २०२३मध्ये टी-शर्टही बंद झाले. २०२४च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रसिद्ध प्रकल्पावर तीच पाळी आली. शिकवणीचा एक व्हिडिओ पाहून विद्यार्थी रीडमीत आपापलं नाव घालून पीआर पाठवू लागले.

त्या मुलांना हसण्यात अर्थ नाही. पीआर कसा टाकायचा हे त्यांना शिकवलं होतं, कशासाठी टाकायचा हे नाही. फॉसीही पैसे देते, पण काम तपासून झाल्यावर देते. हॅक्टोबरफेस्टमध्ये संख्या मोजली गेली. बक्षीस कामाच्या तपासणीला बांधलं तर शिकणं होतं, संख्येला बांधलं तर मेंटेनरचा वेळ जातो. आणि त्याच्याकडे खरी चणचण वेळेचीच असते. फालतू पन्नास पीआर बंद करण्यात त्याची संध्याकाळ गेली, की एकावन्नावा खरा पीआर आठवडाभर पडून राहतो.

दिव्यातल्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? लॅपटॉप नसला तरी चालेल. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला जगाचा नकाशा आहे. त्यासाठी स्ट्रीटकम्प्लीट हे अँड्रॉइड अ‍ॅप चालता चालता छोटे प्रश्न विचारतं: ही इमारत किती मजल्यांची, या रस्त्यावर दिवे आहेत का, हे दुकान कधी उघडतं. दिवा पूर्वेला गेल्या काही वर्षांत चाळी आणि इमारती ज्या वेगाने उभ्या राहिल्या, त्यांची खरी माहिती तिथे राहणाऱ्यालाच आहे. संगणकावरून नकाशा सुधारताना ‘माझे बदल कुणीतरी तपासावेत’ अशी खूण करायची सोयही आहे. नवख्याने ती जरूर करावी. भाषेची आवड असेल तर वर्डप्रेसचं मराठी भाषांतर आहे. तिथे तुम्ही सुचवलेली ओळ मराठीचे संपादक मान्य करीपर्यंत थांबून राहते, म्हणजे मोझिलाचा तो ४८ तासांचा धडा तिथेही लागू.

म्हणून दोन्ही बाजूंना एकेक सांगणं. प्रकल्प चालवत असाल तर नव्यांना बोलावण्याआधी स्वतःला विचारा: पुढच्या दोन दिवसांत उत्तर कोण देणार? नाव ठरत नसेल तर आवाहन पुढे ढकला. आणि नवखे म्हणून स्वतःचं पहिलं काम देणार असाल तर जे तुम्ही खरोखर वापरता, त्याच सॉफ्टवेअरमधली खुपणारी एक गोष्ट निवडा. आठवड्यात उत्तर आलं नाही, तर एकदा नम्रपणे आठवण करा. तरीही नाही आलं, तर दुसरा प्रकल्प बघा. कमीपणा तुमच्यात नाही.

पुढच्या लेखांकात : चांगला इश्यू कसा लिहायचा.