दुबईत फ्लॅट घेण्याआधी

टोमॅटोच्या पट्टीचे किंवा बायपासात गेलेल्या जमिनीचे पैसे दुबईत गुंतवायचे मनात असेल, तर नारायणगाव-मंचरच्या बागायतदाराने आधी बँकेचा नियम पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत रेमिटन्स योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर नवरा-बायकोची मर्यादा एकत्र करता येते. दहा लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो प्राप्तिकर विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर पैसा अडकतोच. शेतीचे उत्पन्न करमुक्त, म्हणून विवरणपत्रच न भरणाऱ्यांनी हे नीट ऐकावे: परदेशातला फ्लॅट विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवावाच लागतो. लपवला तर काळा पैसा कायद्याखाली दंड दहा लाख.

दुबईत सातबारा नाही. तिथल्या भूमी विभागाचे टायटल डीड हाच पुरावा. नोंदणीला किमतीच्या ४ टक्के. परदेशी माणसाला मालकी फक्त ठरावीक फ्रीहोल्ड भागांतच मिळते. बांधकाम चालू असेल तर हप्ता प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच भरा. एजंटाच्या हातात रोख मुळीच देऊ नका.