साखरेतून प्लॅस्टिक : जिवाणूंची किमया आणि आपला हिशेब



बांधावर उडून आलेली प्लॅस्टिकची पिशवी जमिनीत गाडली गेली तरी वर्षानुवर्षे कुजत नाही, हे आपण सारेच पाहतो. पण मातीत कुजणारे प्लॅस्टिक साखरेपासून होते, असे आम्ही सांगितले तर? थट्टा नव्हे, खरी गोष्ट आहे.

हे काम जिवाणू करतात. १९२६ साली फ्रान्समध्ये मॉरिस लेमॉइन या शास्त्रज्ञांना एका जिवाणूच्या पेशीत ‘पीएचबी’ नावाचा पदार्थ आढळला. आपण सुगीत पेव भरून ठेवतो ना, तसा जिवाणू हा साठा अडचणीच्या दिवसांसाठी करतो. युक्ती एवढीच, की त्याला साखर भरपूर द्यायची आणि नत्र तोडायचे. मग वाढ थांबते व साठा वाढतो. ऊस पक्व होताना नत्र दिले तर उतारा घटतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यातलाच हा प्रकार. पेशीतला साठा वेगळा काढून वाळवला की झाले प्लॅस्टिक. मातीत गेले की तिथलेच जिवाणू ते खाऊन टाकतात.

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातील कोपरसुकार या साखर उत्पादकांच्या सहकारी संस्थेने यात लक्ष घातले. १९९५ मध्ये सेराना येथील दा पेद्रा कारखान्यात प्रायोगिक संयंत्र सुरू झाले. वाफ आणि वीज बगॅसवर. प्लॅस्टिक वेगळे करायला लागणारे द्रावकही आसवनीच्याच जोडउत्पादनातले. म्हणजे घरचेच बरेचसे घरात वापरले.

आता हिशेब मांडू. एक किलो प्लॅस्टिकला सुमारे तीन किलो साखर लागते. तीन किलो साखरेचा चालू भाव कागदावर लिहा, शेजारी साध्या प्लॅस्टिकच्या दाण्याचा भाव लिहा. यंत्रे, मजुरी, व्याज अजून धरलेच नाही, बरं का! म्हणूनच हा माल आजही साध्या प्लॅस्टिकपेक्षा बराच महाग पडतो.

नवा प्रकल्प अंगलट आला, तर तोटा शेवटी आपल्याच उसाच्या बिलातून जातो. तेव्हा उद्या सर्वसाधारण सभेत कुणी असा प्रस्ताव आणला, तर हुरळून हात वर करू नये आणि हसण्यावारीही नेऊ नये. आधी तीन प्रश्न विचारावेत : साखर किती लागणार, वाफ कुठून आणणार, आणि माल घेणार कोण?