मुंबई–कोलकाता: अंतर तेच, वेळ वेगळी

मुंबई आणि कोलकाता या विमानतळांमधले सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे १,६६५ किलोमीटर भरते. रेल्वेने नागपूरमार्गे हावड्याला जायचे तर तेच १,९७० किलोमीटरच्या आसपास जाते. विमानही नागपूरजवळूनच जाते, मात्र ते आखून दिलेल्या हवाई मार्गाने, एका ठरावीक बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर थोडे वाढते.

वेळापत्रकातली वेळ म्हणजे हवेतला काळ नव्हे. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हलले की ती सुरू होते आणि उतरल्यावर विमान ठरलेल्या जागी उभे राहिले की संपते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्र वाहतूक चालवता येत नाही. गर्दीच्या वेळी विमाने टॅक्सीवेवर रांगेत थांबतात आणि ही मिनिटेही हिशेबात धरलेली असतात. विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडते. समुद्रावरून वारा येत असेल तर पूर्वेला जायचे विमानही आधी पश्चिमेला अरबी समुद्रावर झेपावते आणि मग वळून मार्गाला लागते.

१०,००० फुटांखाली वेगाची मर्यादा साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर असते. त्यावर गेल्यावर विमान वेग घेते. पूर्वेकडे जाताना ३३,००० किंवा ३५,००० फुटांसारखी विषम पातळी मिळते, तर परतीच्या विमानाला ३४,००० किंवा ३६,००० फुटांसारखी सम. समोरासमोरची वाहतूक अशी हजार फुटांनी वेगळी राहते.

खरा फरक पडतो तो या उंचीवर. एअरबस ए३२० सारखे विमान हवेच्या तुलनेत ताशी सुमारे ८३० किलोमीटरने जाते, पण ती हवा स्वतःही वाहत असते. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह जोरात असतो आणि त्याच्या दक्षिणेलाही, या मार्गाच्या पट्ट्यात, पश्चिमी वारे जाणवतात. समजा, वारा ताशी १०० किलोमीटर आहे. कोलकात्याला जाताना जमिनीच्या तुलनेतला वेग ९३० होतो, येताना तो ७३० वर येतो. संपूर्ण अंतर याच वेगाने कापले असे धरले तर जायला सुमारे १ तास ४७ मिनिटे लागतात आणि यायला २ तास १७ मिनिटे. निव्वळ वाऱ्यामुळे अर्धा तास! विमानातले इंजिन आणि वैमानिकाचे कौशल्य दोन्हीकडे सारखेच असते. पावसाळ्यात या उंचीवरचे वारे पुष्कळदा पूर्वेकडून येतात, तेव्हा हा फरक कमी होतो किंवा उलटतो. म्हणूनच उड्डाणाआधी मार्ग आखणारे त्या दिवसाचा वाऱ्याचा अंदाज घेऊन इंधन ठरवतात. कोलकात्यात उतरता आले नाही तर भुवनेश्वरसारख्या पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल एवढे इंधनही त्यात धरतात.

३५,००० फुटांवरून उतरायला सुरुवात होते ती धावपट्टीच्या जवळपास २०० किलोमीटर आधी. कोलकात्यात हिवाळी सकाळी धुके असले तर विमानाला वर घिरट्या घालत थांबावे लागते.

या सर्वांचा अंदाज बांधून विमान कंपन्या छापील वेळ ठरवतात. मार्चअखेर सुरू होणारे उन्हाळी वेळापत्रक आणि ऑक्टोबरअखेरचे हिवाळी वेळापत्रक यांत एकाच मार्गाची वेळ काही मिनिटांनी बदलू शकते, आणि जाण्यायेण्याची वेळ तर सहसा वेगळीच दिलेली असते.