पेट्रोलही शिळे होते
जुन्या गाड्यांचे मालक आणि गॅरेज कारागीर यांच्यासाठी

यवतमाळ, पुसद, उमरखेड, दिग्रस, वणी अशा गावांत जुनी ॲम्बेसेडर, फियाट किंवा पेट्रोलवरची जीप सांभाळून ठेवणारी घरे आजही आहेत. वडिलांची आठवण म्हणून ती विकवत नाही आणि रोज चालवणे परवडत नाही. ईद, लग्नकार्य, एखादी मिरवणूक, एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. नेमकी त्याच दिवशी सेल मारून मारून बॅटरी उतरते, पण इंजिन काही उचलत नाही. मग धाव गॅरेजकडे. प्लग बदलले जातात, कॉइल बदलली जाते, वर ॲडिटिव्हची एक बाटली ओतली जाते. दोष मात्र बहुतेक वेळा टाकीतल्या पेट्रोलात असतो. आपले अनेक बांधव गॅरेजच्या धंद्यात आहेत, म्हणून हा विषय आम्ही येथे सविस्तर मांडत आहोत.

पेट्रोल का बिघडते?

पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक लवकर उडतात, आणि गार इंजिन सुरू होण्यासाठी तेच लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीतून हे घटक भराभर निघून जातात. उरलेल्या पेट्रोलचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन चिकट गोंद तयार होतो. सर्वांत आधी सुकते ते कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीतले थोडेसे पेट्रोल. त्याचा गोंद जेटच्या बारीक छिद्रात बसला की गाडी अडलीच.

दुसरे कारण इथेनॉल. महाराष्ट्रासह काही राज्यांत २००३ साली ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशभरात हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि २०२५ मध्ये देशाने ते उद्दिष्ट गाठले. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत ही ओल वाढत जाते. मर्यादा ओलांडली किंवा रात्री थंडी पडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसते. इंधन ओढणारी नळी तळाजवळच असल्याने पंप आधी तेच ओढतो. लोखंडी टाकीला गंज चढतो तोही येथूनच. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम या इंधनासाठी बनलेलाच नव्हता. तो फुगतो, मऊ पडतो, पुढे फाटतो. अशा नळीतून गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकले तर आग लागू शकते. म्हणून नळ्या बदलणे हा शौक नव्हे, गरज आहे.

किती दिवस टिकते?

घट्ट बंद भांड्यात, सावलीत व थंड जागी ठेवलेले पेट्रोल सहा महिने ते वर्षभर टिकू शकते. गाडीच्या टाकीला मात्र हवेची वाट असते. तेथे इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा हिशेब तीन महिन्यांचाच धरावा, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी. डिझेल यापेक्षा जास्त टिकते, पण त्यातही पाणी साचून बुरशीचा चिकट थर धरतो व फिल्टर बंद होतो.

बाटलीत काय असते?

बाजारात मुख्यतः तीन प्रकारच्या बाटल्या मिळतात. पहिली पेट्रोल टिकवणारी, म्हणजे स्टॅबिलायझर. ते ताज्या पेट्रोलात टाकायचे असते. नंतर दहा मिनिटे इंजिन चालवावे, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. बिघडलेले पेट्रोल ते पुन्हा ताजे करीत नाही. दुसरी शिशाला पर्याय म्हणून विकली जाणारी. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेविरहित पेट्रोलच मिळते. जुन्या इंजिनांत शिसे व्हॉल्व्हच्या सीटची झीज रोखत असे. ही झीज लांबच्या, वेगाच्या प्रवासात होते. वर्षाला शे-दोनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला या बाटलीची घाई नाही. तिसरी टाकी व कार्बोरेटर साफ करणारी. जेटमध्ये घट्ट बसलेला गोंद मात्र कार्बोरेटर खोलूनच काढावा लागतो. या बाटल्यांनाही मुदत असते. विकत घेताना तारीख पाहावी आणि फोडल्याची तारीख झाकणावर लिहावी.

मालकांनी काय करावे?

पंधरा दिवसांतून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. जागेवर पाच मिनिटे इंजिन घरघरवून उपयोग नाही. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर ताजे पेट्रोल व स्टॅबिलायझर घालून टाकी जवळजवळ भरून ठेवावी. टाकीत हवा कमी राहिली की ओलही कमी शिरते. त्याहून जास्त काळ उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.

५० वर्षांहून जुनी गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'विंटेज' म्हणून नोंदवली असेल तर ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. तिची काळजी अधिकच घ्यावी लागते.

काढलेले पेट्रोल घरात साठवू नये. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय जवळ ठेवता येते, पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात. काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे एक लिटरपर्यंत आणि धातूचे २५ लिटरपर्यंतच चालते. प्लॅस्टिकच्या कॅनचा त्यात उल्लेखही नाही. आंबूस, वार्निशसारखा वास येणारे काळपट पेट्रोल गाडीत पुन्हा घालू नये आणि नालीत किंवा विहिरीजवळही ओतू नये.

कारागिरांसाठी

गाडी आली की पहिला प्रश्न विचारा, "पेट्रोल कधी भरले होते?" मग थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या भांड्यात काढून रंग आणि वास तपासा. इथेनॉल पाहायचे असेल तर खुणांच्या नळकांड्यात १० मिलिलिटर पाणी घेऊन त्यावर १०० मिलिलिटर पेट्रोल ओता, हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरते व तळाचा थर वाढतो. २० टक्के इथेनॉल असेल तर तो थर ३० च्या आसपास पोहोचतो. हे काम उघड्या जागी, विडी-सिगारेट आणि वेल्डिंगपासून दूर करावे.

जॉबकार्डवर पेट्रोल भरल्याची तारीख लिहिण्याची सवय लावली तर निम्मे वाद मिटतील. दुरुस्तीला आलेली गाडी ही कारागिराकडे अमानत आहे. टाकी रिकामी करून भागत असताना कॉइल आणि बाटल्या गळ्यात मारणे हा धंदा नव्हे. त्यात आजचे चार पैसे मिळतील, पण पुढच्या ईदला तो ग्राहक दुसऱ्या दारात उभा असेल. खरे कारण सांगणाऱ्या कारागिराकडे मात्र बापाची गाडी मुलगाही घेऊन येतो. बरकत त्यातच आहे.