कॉम्प्युटरवेल्ट

कॉम्प्युटरवेल्ट (अर्थ: संगणक-जग) हा क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतसमूहाचा आठवा स्टुडिओ अल्बम आहे. तो मे १९८१ मध्ये जर्मन आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांमध्ये प्रकाशित झाला. संगणकामुळे माणसाला मिळणारी सोय आणि त्याच संगणकात साठणारी त्याची खासगी माहिती, हे दोन्ही विषय या अल्बममध्ये एकत्र येतात.

== पार्श्वभूमी ==
पश्चिम जर्मनीत १९७० च्या दशकात सशस्त्र अतिरेकी गटांचा शोध घेण्यासाठी संघीय गुन्हे अन्वेषण विभागाने संगणकाचा मोठ्या प्रमाणावर वापर सुरू केला. विभागाचे तत्कालीन प्रमुख हॉर्स्ट हेरॉल्ड यांच्या काळात ‘रास्टरफाहन्डुंग’ ही पद्धत रूढ झाली. तीत निरनिराळ्या याद्या एकमेकींशी ताडून संशयित निवडले जात. उदाहरणार्थ, खोट्या नावाने राहणारे लोक विजेचे देयक रोखीने भरत असावेत, या अंदाजावरून अशा ग्राहकांची यादी अधिकृत रहिवाशांच्या नोंदींशी ताडून पाहिली गेली. या पद्धतीत गुन्ह्याशी संबंध नसलेल्या असंख्य नागरिकांची माहितीही तपासली जात असे.

== आशय ==
अल्बममध्ये सात रचना असून त्याची लांबी सुमारे ३४ मिनिटे आहे. शीर्षकगीतात पोलीस यंत्रणा आणि बँक यांची नावे एकापाठोपाठ येतात. वाहतूक गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारे फ्लेन्सबुर्ग शहर आणि वरील अन्वेषण विभाग यांचा उल्लेख मात्र केवळ जर्मन आवृत्तीत आहे. ‘टाशेनरेष्नर’ (खिशातील गणकयंत्र) ही खेळकर रचना आहे, तर ‘नुमर्न’मध्ये अनेक भाषांतील अंक उच्चारले जातात. ‘कॉम्प्युटरलीबे’ या गीतातील एकाकी माणूस पडद्याच्या मदतीने सोबत शोधतो. गीतांत उघड निषेध नाही. भीती आणि आकर्षण या दोन्ही भावना सारख्याच अलिप्त स्वरात मांडलेल्या आहेत.

== निर्मिती ==
राल्फ हुटर, फ्लोरियान श्नायडर, कार्ल बार्टोस आणि वोल्फगांग फ्लुअर हे त्या वेळचे सदस्य होते. ध्वनिमुद्रण ड्युसेलडॉर्फ येथील समूहाच्या क्लिंग क्लांग स्टुडिओत झाले. अल्बमचा विषय संगणक असला तरी त्याच्या निर्मितीत संगणक नव्हता. अॅनालॉग सिंथेसायझर आणि सीक्वेन्सर यांवर तो तयार झाला. समूहाकडे संगणक नंतर आला, असे हुटर यांनी सांगितले आहे. पिवळ्या मुखपृष्ठावर संगणकाच्या पडद्यात चारही सदस्यांचे चेहरे दिसतात.

== प्रभाव ==
‘नुमर्न’चा ताल अमेरिकेतील हिप-हॉप आणि पुढे टेक्नो संगीतात मुरला. आफ्रिका बंबाटा यांच्या ‘प्लॅनेट रॉक’ (१९८२) या गाण्यावर त्याचा ठसा स्पष्ट आहे.

== खासगीपणाचा कायदा आणि भारतीय संदर्भ ==
अल्बमनंतर दोन वर्षांनी, १५ डिसेंबर १९८३ रोजी, जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाने जनगणनेसंबंधीच्या खटल्यात निकाल दिला. आपली माहिती कोणी व कशासाठी वापरावी हे ठरवण्याचा अधिकार मूलतः व्यक्तीचा आहे, असे तत्त्व त्यात मान्य झाले. या निकालाचा अल्बमशी थेट संबंध नाही. मात्र दोहोंमागील सामाजिक अस्वस्थता एकच होती.

भारतात हाच प्रश्न आधार क्रमांकाच्या निमित्ताने पुढे आला. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी देण्यात आले. योजनेला न्यायालयात आव्हान मिळाल्यावर खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे का, हा प्रश्न उपस्थित झाला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात तो एकमताने मान्य केला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत केला.