उन्हाळ्यातला रोजा आणि वाळ्याचा थेंब

रमजान कोणत्याही एका ऋतूचा नाही. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते आणि हिजरी पंचांगात अधिक महिन्याची सोय नाही. त्यामुळे हा महिना दरवर्षी तेवढाच अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू पाहून येतो. २०१८ साली तो मे महिन्याच्या मध्याला सुरू झाला होता. अशा वर्षी पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटही न घेता राहणे म्हणजे काय, हे वैशाखातली दुपार अनुभवलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

ऋतू बदलला की रोजेदाराच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी बदलतात. सहरीच्या ताटात दही येते, इफ्तारला कलिंगड येते. कपाटातली अत्तराची कुपीही बदलते. थंडीत शमामा, हिना, ऊद यांसारखी गरम, जड अत्तरे लावली जातात. उन्हाळा लागला की ती मागे जातात आणि गुलाब, केवडा, मोगरा, खस पुढे येतात. पुरुष मंडळींची ओढ त्यातही खसकडे अधिक असते. फुलांचा गोडवा तिच्यात नाही. ओली माती, नुकतेच कापलेले गवत आणि किंचित कडसर झाक, असा तिचा हिरवा, गार वास.

खस म्हणजे खसखस नव्हे. खसखस हे अफूच्या बोंडातले बी. खस म्हणजे मराठी घरांतला वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतात ती वाळ्याची जुडी आणि कुपीतली खस या दोन्ही एकाच गवताच्या मुळ्या. संस्कृतात तिला उशीर म्हणतात. या गवताच्या पात्यांना फारसा वास नसतो. सारा सुगंध जमिनीखाली. मुळ्या आडव्या न पसरता सरळ खोल जातात, म्हणून बांधावरची माती धरून ठेवायलाही हे गवत लावतात.

उन्हाळ्याशी या मुळीचे नाते जुने आहे. अकबराच्या दरबारातला अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’मध्ये खसखान्याचे वर्णन करतो. बांबूच्या चौकटीत खस भरून खोली उभी करायची आणि तिच्यावर पाणी शिंपडत राहायचे, की भर उन्हाळ्यात आत गारवा. पुढे गालिबने उन्हाळ्यातल्या रोजावर मिस्कील रुबाई लिहिली, तेव्हा त्यालाही बर्फाच्या पाण्याबरोबर हा खसखानाच आठवला. विदर्भातल्या खिडकीला लावलेली खसची ताटी आणि कूलरची जाळी ही त्याच खसखान्याची गरीब भावंडे. राजाच्या महालातली युक्ती घरोघर पोहोचली. पाणी मारले की वास सगळ्यांच्याच घरात सारखा दरवळतो.

मराठी मुलखात अत्तर एका धर्माचे कधीच राहिले नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या हातावर अत्तर लावतात, गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडतात, आंब्याची डाळ आणि पन्हे देतात. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला माठ दान करतात, त्यात अनेक ठिकाणी वाळा घालतात. ३ मे २०२२ रोजी रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आल्या होत्या. त्या दिवशी एका घरी वाळा माठात होता, तर शेजारच्या घरी तो नव्या कुर्त्यावर होता.

उन्हाळ्यात हाच वास का रुचतो, याला कारण आहे. सुगंध म्हणजे हवेत उडून नाकापर्यंत पोहोचणारे रेणू. ऊन तापले, अंग तापले की ते भराभर उडतात. हिवाळ्यात अंगाजवळ राहणारे ऊद किंवा अंबर भर दुपारी दहा पावलांवरूनच जाणवते आणि त्याचा गोडवा डोक्यात भिनतो. याउलट लिंबूवर्गीय किंवा कापलेल्या गवतासारखे हिरवे वास हलके असतात. ते छान वाटतात, पण कडक उन्हात पाहता पाहता उडून जातात. खस या दोहोंच्या मधोमध बसते. तिचा वास हिरवा आणि ताजा, पण तेल मुळीचे, दाट आणि सावकाश उडणारे. सकाळी लावलेला थेंब दुपार कलली तरी कपड्याच्या घडीत मंदपणे राहतो आणि कोणाच्या अंगावर येत नाही.

हे तेल काढणेही सावकाशीचे काम. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजमध्ये आजही देग-भपका पद्धत चालते. धुऊन वाळवलेल्या मुळ्या पाण्यासह तांब्याच्या देगेत भरतात, झाकण मातीने लिंपतात आणि खाली मंद आच ठेवतात. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते आणि थंड होते. आच वाढली तर वास करपतो, कमी पडली तर तेल सुटत नाही. मुरलेला कारागीर भपक्याला हात लावून काय चालले आहे ते ओळखतो. भपक्यात चंदनाचे तेल घेऊन त्यात सुगंध मुरवला की ते अत्तर. चंदनाशिवाय निव्वळ मुळीचे तेल घेतले की ती रूह, म्हणजे आत्मा. तांब्याच्या भांड्यात निघालेल्या रूह खसला हिरवट रंग येतो, तो तांब्यामुळे.

या हिरव्या रंगानेच गिऱ्हाईक फसते. चंदन महाग झाल्यापासून स्वस्त अत्तरांत पॅराफिनसारखी बिनवासाची तेले आणि कृत्रिम सुगंध आले. बुधलीत हिरवा रंग टाकला की पाहणाऱ्याला ती खस वाटते. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात बाजाराची गर्दी वाढते तेव्हा अशा बाटल्यांचा खप मोठा. स्वस्त अत्तर लावणे हा काही गुन्हा नाही. पण ते रूह म्हणून, रूहच्या भावाने गळ्यात मारले जाऊ नये. रंगावर जाऊ नये, हा साधा उपाय. थेंबभर मनगटावर घ्यावे, बाजारात एक फेरी मारून यावे आणि मग हुंगावे. नुसता गोडवा उरला किंवा काहीच उरले नाही, तर ती खस नव्हे. खरी मुळी अर्ध्या तासाने अधिक मातकट, अधिक गार होते.

गमतीची गोष्ट अशी, की आजोबांची खस ‘जुनाट’ म्हणून बाजूला सारणारा नातू मॉलमध्ये जाऊन वेटिव्हरची परदेशी बाटली महागात घेतो. वेटिव्हर म्हणजे वाळाच. फ्रेंचमधला हा शब्द तमिळ ‘वेट्टिवेर’वरून गेला. पॅरिसच्या कार्व्हेनने १९५७ मध्ये आणि गेर्लांने १९५९ मध्ये पुरुषांसाठी ‘वेटिव्हर’ नावाची सुगंधद्रव्ये आणली आणि हा वास कोटटायवाल्या साहेबी पोशाखातही शोभू लागला. आज त्या उद्योगासाठी लागणारे तेल मोठ्या प्रमाणावर हैतीतून येते, काही जावातूनही. लिंबू, बर्गमोट यांची जोड दिल्याने ते अधिक चटकदार लागते. असली लिंबूवर्गीय द्रव्ये थेट कातडीवर लावून उन्हात फिरले तर काळे डाग पडू शकतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. स्प्रेमधल्या अल्कोहोलबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मते आहेत. अनेक जण ते टाळतात. अत्तरात तो प्रश्नच येत नाही.

रोजात अत्तर चालते का, असे शेजारीपाजारी नेहमी विचारतात. चालते. अत्तर लावल्याने किंवा त्याचा वास आल्याने रोजा तुटत नाही. उदबत्तीचा किंवा लोबानचा धूर मुद्दाम ओढून आत घ्यायचा नाही, एवढे पथ्य. सुगंध पैगंबरांच्या आवडीचा. जुम्म्याच्या नमाजपूर्वी आंघोळ करावी, असेल तो सुगंध लावावा, ही त्यांची शिकवण. कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असेही त्यांनी बजावले. दोन्हींचा अर्थ एकच निघतो. खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्याला आपल्या अंगाचा त्रास होऊ नये.

उन्हाळ्यातल्या रमजानमध्ये या शिकवणीचा खरा कस लागतो. तरावीह म्हणजे रात्रीची लांब नमाज. पंखे फिरत असतात, पण माणसे दाटीने उभी. कोणी दिवसभर हमाली करून आलेला असतो, कोणी रिक्षा चालवून, कोणी भट्टीपुढे उभा राहून. कोणाचे पाण्यावाचून डोके दुखत असते, कोणाला दमा असतो. अशा रांगेत अर्धी बाटली उडवून आलेला माणूस शेजाऱ्याचा श्वास जड करतो. तो वास कितीही महाग असो, शेजाऱ्याला तो धुरासारखाच. दुसऱ्या दिवशी एसटीत, वर्गात, कार्यालयातही हेच. तिथे शेजारी रोजेदार असेलच असे नाही, पण नाक सगळ्यांनाच आहे.

म्हणून जाणती माणसे खस लावतात ती थेंबभर. वजू झाल्यावर काडीचे टोक मनगटाला, मग कानामागे. काही जण कापसाचा छोटा फाया कानाच्या पाळीत ठेवतात. पांढऱ्या कुर्त्यावर थेट लावत नाहीत, कारण अस्सल खसचा डाग राहतो. लावल्यावर स्वतःलाच सतत वास येत राहिला, तर ते जास्त झाले असे समजावे.

मशिदीत एक जुनी रीत अजून पाहायला मिळते. रांगेत बसलेला म्हातारा सदऱ्याच्या खिशातून बोटाएवढी कुपी काढतो, डावी-उजवीकडच्यांपुढे धरतो. ओळख असो वा नसो, प्रत्येक जण हात पुढे करतो. देऊ केलेला सुगंध नाकारू नये, असा संकेत आहे. पावणेबारा ग्रॅमच्या तोळाभर अत्तरातून अशा कितीतरी हातांना थेंब मिळतो. हमालाच्या घट्टे पडलेल्या हातालाही तोच आणि दुकानमालकाच्या हातालाही तोच. इमाम उभे राहतात, रांग सरळ होते. घाम तर सगळ्यांनाच येत असतो, पण त्या घामात पाणी मारलेल्या वाळ्याचा वास मिसळतो आणि पुढची वीस रकाते उभे राहणे थोडे सोपे जाते.